नोएडातील फ्लॅट विकून कोल्हापुरात घर घ्यावे का?

नोएडाकर (१६ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे नोएडात राहत आहोत. मी मूळचा शिवाजी पेठेतला, पत्नी इंदूरची मराठी आणि मुलगी सहावीत आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी कास्टिंगची गुणवत्ता पाहतो. पत्नी एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम घरून करते. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीकडून मला गेल्या महिन्यात विचारणा झाली आहे. आज महिन्याला १ लाख ४० हजार हातात येतात, तेथे ९८ हजार येतील.

घराचा हिशेब असा आहे. २०१६ साली ७२ लाखांना घेतलेल्या फ्लॅटला आज १ कोटी ३५ लाख मिळतील असे दलाल सांगतो. कर्ज ३४ लाख शिल्लक आहे, हप्ता ४६ हजार आणि सोसायटीचा मेंटेनन्स ७ हजार. फ्लॅट विकून कर्ज फेडले तर हातात एक कोटीच्या आसपास राहतील आणि आर. के. नगरच्या बाजूला ८५ लाखांत रो-हाऊस पाहिले आहे. म्हणजे पगार ४२ हजारांनी घटला तरी ५३ हजारांचा बोजा उतरतो, आणि वर स्वतःचे अंगण मिळते.

पैशांपलीकडची कारणे अधिक खरी आहेत. गेल्या वर्षी नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की शाळा ऑनलाइन करावी लागली होती. यंदाही दिवाळीनंतर मुलीचा नेब्युलायझर कपाटातून जो बाहेर आला आहे तो परत आत गेलेला नाही. वडील ७४ वर्षांचे आहेत आणि पेठेतल्या दोन खोल्यांत एकटे राहतात. घर चुलत्यांसह सामाईक असल्यामुळे तेथे आम्ही मावणार नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर त्यांच्याबरोबर फिरावे, रविवारी मुलीला पन्हाळ्यावर न्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

या हिशेबात काही राहून गेले आहे का?

उत्तरेश्वर

अवश्य या. यूपी १६ क्रमांकाची गाडी मात्र तालमीसमोर उभी करू नका, कारण चारचौघे तुमची सात पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय तुम्हाला पुढे जाऊ देणार नाहीत. गंमत सोडा, पण गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवणार असाल तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून एमएच ०९ करून घ्यावी लागेल, आणि रस्ता-कर येथे नव्याने भरून तिकडचा उरलेला परत मागावा लागेल. हिशेबात ही ओळ नाही.

बावडेकर

रो-हाऊस कोठे आहे यापेक्षा ते किती उंचीवर आहे हे आधी विचारा. आर. के. नगर माळावर आहे, तेथे पुराचे भय नाही. परंतु फिरता फिरता कोणी तरी नागाळा पार्क, रमणमळा किंवा शाहूपुरीतला ‘स्वस्तातला’ तळमजला दाखवेल, म्हणून माझा अनुभव लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही शाहूपुरीत व्हीनस कॉर्नरच्या मागे भाड्याने राहत होतो. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात, आणि पावसाळ्यात कोल्हापूरकर हे आकडे शेअर बाजारासारखे पाहत असतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, आणि २०२१ च्या जुलैतही तेच झाले. पहिल्या रात्री आम्ही फ्रिज टेबलावर चढवला. दुसऱ्या दिवशी टेबलासह फ्रिज तरंगत होता. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने शहरात दूध आणि पेट्रोल यांची टंचाई झाली, आणि उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असताना नळ कोरडे होते. पाणी ओसरल्यावर भिंतीवर छातीइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ राहिली. घरमालकाने दोनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात ती ओल धरून पुन्हा उमटते. नवा भाडेकरू आला की तेथे कपाट लावलेले असते.

म्हणून कोणतेही घर पाहायला गेलात की कपाटामागची भिंत पाहा.

सडेतोड

हे सगळे अलमट्टी धरणामुळे होते, आणि जोवर कर्नाटक…

उत्तरेश्वर

अलमट्टीवर आधीच एक स्वतंत्र धागा वाहतो आहे आणि त्यानेही धोका पातळी ओलांडलेली आहे. कृपया तो येथे सोडू नये.

गणिती

नोएडाकर, तुमच्या हिशेबात भांडवली नफ्यावरील कर मुळीच नाही. ७२ लाखांचे १३५ लाख झाले म्हणजे नफा ६३ लाख. २३ जुलै २०२४ पासून नवा नियम १२.५ टक्क्यांचा, महागाई निर्देशांकाचा लाभ न देता. त्या हिशेबाने कर सुमारे ७.८८ लाख. परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी येणाऱ्या कराशी तुलना करून कमी असेल तो भरता येतो. २०१६-१७ चा निर्देशांक २६४ आणि यंदाचा ३७६, म्हणून खरेदी किंमत १०२.५५ लाख धरली जाईल, नफा साडेबत्तीस लाखांच्या आत येईल आणि कर सुमारे ६.४९ लाख. दोन्हींवर उपकर वेगळा. तुमच्या बाबतीत जुनी पद्धत स्वस्त पडते.

आता तुम्ही म्हणाल की मी दुसरे घरच घेणार आहे. बरोबर आहे. आयकर कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घर घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर गुंतवलेल्या रकमेइतका नफा करमुक्त होतो. ८५ लाखांचे घर घेतलेत तर कर शून्य. मात्र ते घर तीन वर्षांच्या आत विकले तर ही सवलत मागील दाराने परत जाते. थोडक्यात, कोल्हापूर सहा महिन्यांत जमले नाही असे वाटले तरी आयकर खात्याच्या दृष्टीने तुम्ही तीन वर्षे कोल्हापूरकर आहात.

आणि नोएडातील जमीन बहुतेक ठिकाणी ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. विक्रीच्या वेळी नोएडा प्राधिकरणाचे हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे दलालाला आताच विचारून ठेवा.

मीठभाकर

नवे घर वहिनींच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ८५ लाखांवर ८५ हजार वाचतील.

गणिती

सवलत खरी आहे. पण विकले जाणारे घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि नवे घर बायकोच्या एकटीच्या, तर कलम ५४ वरून वाद ओढवून घेतल्यासारखे होईल. ८५ हजारांसाठी साडेसहा लाखांचा जुगार खेळू नये.

माळावरची

मी आर. के. नगरच्या पलीकडे नऊ वर्षे राहते. हवा उत्तम आहे. सकाळी मोर ओरडतात. संध्याकाळी वाऱ्याने वाळत घातलेले कपडे शेजारच्या प्लॉटवर जातात. आता पाण्याविषयी. हा भाग पाचगाव-मोरेवाडीच्या हद्दीत येतो. महानगरपालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून हद्दवाढ केवळ चर्चेत आहे. २०१७ साली भोवतालच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण स्थापन झाले, पण नळाला पाणी प्राधिकरणाच्या फलकाने येत नाही. आमच्या गल्लीत चावीवाला दिवसाआड पहाटे येतो, चावी फिरवतो, आणि तासाभरात ज्याची टाकी भरली तो जिंकला. एप्रिल-मेमध्ये टँकर. म्हणून येथे घर पाहताना किती खोल्या आहेत याच्याआधी जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, हे विचारतात.

शहरातही सगळे आलबेल नाही. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत एकदाची आली खरी, पण पंप किंवा वाहिनी नादुरुस्त झाली की निम्म्या शहरात बादल्या फिरतात.

मला तुमच्या पत्रात एक गोष्ट जाणवली. तुमच्या आठवणीतले कोल्हापूर म्हणजे पेठ, रंकाळा, चालत जाण्याइतकी मंडई. तुमच्या खिशाला परवडणारे कोल्हापूर म्हणजे आमचा माळ. येथून रंकाळ्यावर फिरायला जायचे म्हणजे गाडी काढावी लागते आणि पोहोचल्यावर ती लावायला जागा शोधावी लागते. वडील पेठेतच राहणार असतील तर ‘रोज संध्याकाळी’ याचे ‘दर रविवारी’ व्हायला वेळ लागत नाही.

दस्तऐवज

माळावरची यांच्याशी सहमत आहे, आणि कागदपत्रांविषयी थोडी भर घालतो. शहराबाहेर घर घेताना जमीन बिगरशेती झालेली आहे की गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेली, हे सर्वप्रथम पाहावे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. विकणारा ‘दीड गुंठ्यातला बंगला’ असे सांगू लागला की बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. बँक कर्ज देते म्हणून कागद स्वच्छ आहेत असे समजू नये. नदीच्या बाजूला पाहणार असाल तर निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. बावडेकरांनी दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिले, तेव्हा त्या ‘एकदा’वर फार भरवसा ठेवू नये.

आणखी एक. ऑगस्ट २०२५ मध्ये येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सहा जिल्ह्यांतील वकील भाड्याच्या जागा शोधत आहेत. प्रत्येक दलाल ‘बेंच आले, आता भाव दुप्पट’ असे सांगतो. माझ्या व्यवसायाला बेंच आल्याचा आनंद आहे, पण त्या एका वाक्यावर घाईने इसार देऊ नये.

पुन्हापुणेकर

माझे मत वेगळे आहे आणि ते कदाचित आवडणार नाही. मी २०१७ साली पुण्याहून कोल्हापुरात परतलो आणि २०२१ साली पुन्हा पुण्याला गेलो. घर, हवा, पाणी यांपैकी कशामुळेही नाही, नोकरीमुळे. फौंड्रीचा धंदा वाहन उद्योगाच्या मागे चालतो. तेजीत तीन पाळ्या चालतात, मंदीत एक. नोएडा-गुरुग्राम पट्ट्यात नोकरी गेली तर दुसऱ्या दिवशी दहा ठिकाणी अर्ज करता येतात. येथेही शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असे मिळून कारखाने पुष्कळ आहेत, परंतु तुमच्या पदाच्या जागा मोजक्या, आणि त्यांचे मालक एकमेकांच्या लग्नात भेटणारे. एकाकडून नाराजीने बाहेर पडलात तर दुसऱ्याला ते मुलाखतीपूर्वीच माहीत असते. मला चौथ्या महिन्यात शांतपणे सांगण्यात आले की ठरलेल्या पगारातील ‘बदलता भाग’ यंदा बदलणार नाही, म्हणजे मिळणार नाही. ९८ हजारांत असा भाग किती आहे, हे लेखी घ्या.

तांबडापांढरा

पुन्हापुणेकर, पुण्यात जाऊन तुम्ही मिसळीत काय खाता, हे लिहिले नाहीत. बदलत्या भागापेक्षा ते नुकसान मोठे आहे.

पुन्हापुणेकर

फरसाण. आणि ते गोड असते. तुमचा मुद्दा मान्य आहे.

मीठभाकर

एवढी उत्तरे वाचून मला सारखे वाटत होते की या धाग्यात एक व्यक्ती गैरहजर आहे. नोएडाकर, तुम्ही परत येणार आहात. वहिनी मात्र नव्याने येणार आहेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी लग्नानंतर नागपूरहून येथे आले. नवऱ्याला गल्लीतला प्रत्येक माणूस ओळखत होता आणि मला तीन वर्षे सर्वजण ‘अमक्यांची सून’ म्हणूनच ओळखत होते. लोक प्रेमळ आहेत, अडीनडीला धावून येतात, पण विचारून येत नाहीत. घरून काम करणारी बाई घरीच असते, म्हणजे मोकळी असते, असा समज आमच्या गल्लीत अजूनही पक्का आहे. मी मीटिंगमध्ये असताना हळदीकुंकवाला बोलवायला आलेल्या काकू कॅमेऱ्यात दिसल्या आहेत.

आणि स्पष्टच विचारते: सासऱ्यांच्या डॉक्टरच्या फेऱ्या, डबा, औषधे हे कोण पाहणार आहे? तुम्ही कागलला जाऊन-येऊन अकरा तास घराबाहेर असाल.

शाळाकरी

मुलीविषयी थोडेसे. केंद्रीय मंडळाच्या शाळा येथे पुरेशा आहेत, तेव्हा अभ्यासक्रमाची अडचण नाही. परंतु २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय दहावीपर्यंत सक्तीचा आहे. घरी मराठी बोलणारे मूल आणि मराठीत निबंध लिहिणारे मूल यांत अंतर असते. बदल करायचाच असेल तर सातवीच्या आरंभी करा, मध्येच नको. नववीत आलेल्या माझ्या भाच्याने जोडाक्षरांशी जे युद्ध केले ते आम्ही सर्वांनी मिळून लढलो.

नोएडाकर

सर्वांचे मनापासून आभार. मीठभाकर, तुमचे उत्तर वाचून मी संगणक पत्नीकडे सरकवला. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत टंकतो.

“हवा मला मुलीइतकीच सोसत नाही, त्यामुळे नोएडा सोडायला माझी ना नाही. माझी भीती वेगळी आहे. आमच्या कंपनीत आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात बोलावण्याची कुजबुज सुरू झाली आहे. तसे झाले तर माझा पगार शून्य होईल, आणि या हिशेबात माझ्या पगाराची ओळच नाही, जणू तो पाऊस आहे, येईल तेव्हा येईल. सासऱ्यांचे करायला मी तयार आहे, पण ते माझ्या नावावर आपोआप लिहिले जाऊ नये. इंदूरला आईकडे जायला आज एक रात्र लागते; कोल्हापूरहून किती लागेल ते कोणी सांगावे. आणि मी इंदूरची आहे, तेव्हा रस्त्यावरच्या कचऱ्याबद्दल मी बोलले तर कोणी राग मानू नये.”

मला कबूल करायला हवे की अकरा दिवस मी तक्ते मांडत होतो आणि तिच्या पगाराचा रकाना मी खरोखरच केलेला नव्हता.

उत्तरेश्वर

वहिनी, कचऱ्यावर अवश्य बोला. इंदूरचे नाव निघाले की आम्ही विषय बदलून अंबाबाईकडे नेतो, एवढे लक्षात असू द्या. प्रवास मात्र सोपा नाही. माझी बहीण तिकडे आहे. आम्ही पुण्याला जातो आणि तेथून पुढची गाडी किंवा विमान धरतो. पुण्यापर्यंत वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरपासून आहे, पण रोज नाही. सातारा ते कागल महामार्गाचे सहापदरीकरण चालू असल्याने मोटारीने किती तास लागतील हे निघणाऱ्यालाही ठाऊक नसते.

रसिक

राहणीमानाबद्दल कोणीच फारसे लिहिले नाही म्हणून. पेठेतले फुटबॉल सामने आहेत, कुस्ती आहे, गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून मिळणारे दूध आहे. पण तुमची मुलगी महानगरात वाढली आहे, तेव्हा नाटक, ग्रंथालय, पोहणे हेही पाहाल. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हापासून नाटकाची सवय असलेल्यांचे हाल आहेत. १९१५ सालची ती वास्तू होती; त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभे राहून रडणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्या गावात नाट्यगृहासाठी माणसे रडतात तेथे राहावे असे मला वाटते, परंतु हा काही आर्थिक सल्ला नव्हे. गणपतीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीही याच गावात असतात, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

गणिती

मूळ प्रश्नाकडे येतो. वहिनींच्या पगाराचा धोका धरला तर विकून लगेच घेणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे, कारण तो उलटा फिरवता येत नाही. दुसरा मार्ग मांडतो. नोएडाचा फ्लॅट भाड्याने द्या. ३६ हजार भाडे आले आणि मेंटेनन्स भाडेकरूने भरला तर हप्त्यात १० हजारांची तूट राहील. कोल्हापुरात राजारामपुरी किंवा टाकाळ्याच्या बाजूला दोन बेडरूमचे घर १८ हजारांत धरा. एकूण घराचा खर्च २८ हजार, म्हणजे आजच्या ५३ हजारांपेक्षा २५ हजारांनी कमी. पगारातील घट ४२ हजार. फरक १७ हजारांचा; शाळेच्या शुल्कात सात-आठ हजार वाचले तर उरला नऊ-दहा हजारांचा. दोन वर्षांत सव्वादोन ते अडीच लाख. ८५ लाखांच्या घराचे मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली मिळूनच पाच लाखांच्या पुढे जाते. परतीचे दार उघडे ठेवण्यासाठी अडीच लाख मला महाग वाटत नाहीत.

भाड्याचे उत्पन्न मात्र विवरणपत्रात दाखवा.

पुन्हापुणेकर

भाडेकरू मिळायला दोन महिने गेले तर? आणि सोळाशे किलोमीटरांवरून गळका नळ कोण दुरुस्त करणार? रिकाम्या घराचा हप्ता भरणे काय असते ते मी भोगले आहे.

गणिती

दोन महिने रिकामे म्हणजे ७२ हजार आणखी. तरीही पाच लाखांच्या आतच आहे. नळाला मात्र माझ्याकडे सूत्र नाही.

बावडेकर

येणार असाल तर मार्चच्या परीक्षेनंतर या आणि पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढा. ऑगस्टमध्ये चिखलातून चालत प्लॉट पाहायला जा. उन्हाळ्यात प्रत्येक प्लॉट उंचावरच असतो.

माळावरची

आणि मेमध्ये आमच्याकडे चहाला या. टँकरची वेळ मी कळवीन.

नोएडाकर

काल रात्री दोघांनी बसून ठरवले. फ्लॅट विकायचा नाही, निदान दोन वर्षे. फौंड्रीकडून पगाराची फोड लेखी मागवली. त्यात बदलता भाग १४ हजारांचा निघाला, तेव्हा पुन्हापुणेकरांचे ऋण आहे. पत्नी जानेवारीत एकटी येऊन आठ दिवस राजारामपुरीत एका ओळखीच्यांकडे राहणार आहे, तेथूनच काम करणार आहे, आणि तिने नाही म्हटले तर मी कागलला नकार कळवणार आहे. वडिलांच्या डबा-औषधांसाठी पगारी माणूस ठेवण्याचा खर्च मी माझ्या रकान्यात घातला आहे.

वडिलांना फोनवर सांगितले. त्यांनी एवढेच विचारले की राजारामपुरी कशाला, आपल्या पेठेत काय कमी आहे? त्यांना अजून उत्तर दिलेले नाही.

मीठभाकर

ते उत्तर तुम्हीच द्या. वहिनी जानेवारीत येण्यापूर्वी द्या.